फाइल उघडते, पण वाचत नाही

सीमाभागातल्या मराठी शाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसाकाठी दोन-चार फाइली येऊन पडतातच. विज्ञानाच्या पाठाच्या नोट्स, कन्नड कवितेचे शब्दार्थ, गणिताची सरावपत्रिका, मागच्या वर्षीची एसएसएलसीची (कर्नाटकातल्या दहावीची) प्रश्नपत्रिका. डोळस मूल फाइल उघडतं आणि वाचायला लागतं. अंध मुलाच्या फोनवरही ती उघडते, पण टॉकबॅक (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा फोनमधला स्क्रीन रीडर) एक तर गप्प बसतो, नाहीतर इंग्रजी अक्षरांचा जप सुरू करतो. घरून निरोप येतो, "उघडलंय की ओ सर, पण वाचतच नाही ते." मग शाळेत अंदाज बांधले जातात: फोन जुना असेल, नेट नसेल, पोराला ॲप वापरायला जमत नसेल. बहुतेक वेळा यातलं काहीच खरं नसतं. त्या फाइलमध्ये अक्षरंच नसतात.

संगणकावरच्या मराठीच्या दोन पिढ्या आहेत. पहिल्या पिढीत कृतिदेव, श्रीलिपीचे जुने फॉन्ट आणि कन्नडसाठी नुडी, बरहचे जुने फॉन्ट येतात. त्यांची युक्ती अशी, की फाइलमध्ये साठवायची रोमन अक्षरं आणि पडद्यावर त्यांच्या जागी काढायची देवनागरी किंवा कन्नड आकृती. कृतिदेवमध्ये 'कमल' टाइप केलं, की फाइलमध्ये डी, ई आणि वाय ही तीन अक्षरं साठतात. डोळ्यांना कमल दिसतं. स्क्रीन रीडरला आकृतीशी देणंघेणं नसतं, तो साठवलेलं वाचतो, म्हणून मुलाच्या कानावर पडतं ते भलतंच. दुसरी पिढी युनिकोडची. तिथे क हा क म्हणूनच साठतो, फॉन्ट कुठलाही लावा. बेळगावच्या डीटीपीच्या दुकानांतून या दोन्ही पिढ्या सुखाने एकत्र नांदतात आणि कागदावर छापायचं असेल तोवर कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते त्याच प्रश्नपत्रिकेची पीडीएफ ग्रुपवर टाकली की.

हा प्रश्न सगळीकडेच आहे, पण इथे त्याला जास्त धार येते, त्याचं कारण भूगोलात आहे. मूल खानापूर तालुक्यातलं, माध्यम मराठी, अभ्यासक्रम कर्नाटकाचा. महाराष्ट्रात मराठीतून तयार झालेलं बोलकं साहित्य भाषेला जुळतं, पण धड्याला जुळत नाही. कर्नाटकात कन्नड माध्यमासाठी झालेलं ध्वनिमुद्रण धड्याला जुळतं, पण भाषेला जुळत नाही. दोन्ही बाजूंनी भरपूर काम झालं, तरी मधली ही फट तशीच राहते. या मुलाला नेमकं लागू पडणारं ऑनलाइन साहित्य एकच: त्याच्या स्वतःच्या शिक्षकाने रात्री बसून टाइप केलेलं. म्हणून बेंगळुरू आणि पुण्याच्या शिक्षण खात्यांच्या नावाने बोटं मोडण्याआधी त्या रात्रीच्या फाइलीकडे बघायला हवं. ती नीट झाली तर बरंच काही झालं.

फाइल तपासायला अर्धा मिनिट पुरतो. पीडीएफ उघडायची, त्यातले चार शब्द बोटाने धरून निवडायचे, कॉपी करायचे आणि स्वतःच्याच व्हॉट्सॲपवर पेस्ट करायचे. शब्द निवडताच आले नाहीत, तर ते पान म्हणजे फोटो आहे. इंग्रजी अक्षरांचा कचरा पडला, तर फॉन्ट जुना आहे. मराठीच आलं पण विस्कटून, म्हणजे ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटलेली, रफार भलत्याच डोक्यावर, तर दोष पीडीएफ बनवण्याच्या रीतीत आहे. पीडीएफ अक्षरांच्या आकृत्या दिसतात त्या क्रमाने साठवते, आणि देवनागरीत दिसण्याचा क्रम आणि उच्चाराचा क्रम वेगळा. 'कि'मधली वेलांटी दिसते आधी, उच्चारली जाते नंतर. आकृती आणि अक्षर यांची सांगड घालणारा तक्ता फाइलमध्ये नीट नसेल, तर परत काढलेला मजकूर असाच सांडलेला मिळतो. शब्द जसेच्या तसे आले, तरच पुढचं बोलायचं.

म्हणून पहिला सल्ला: पीडीएफ करूच नका. वर्डची फाइल आहे तशीच पाठवा. मजकूर लहान असेल तर सरळ व्हॉट्सॲपवर संदेश म्हणून टाका, कारण टॉकबॅकला त्याहून सोपं काही नाही. सजवलेल्या, चौकटी काढलेल्या, फुलं लावलेल्या पीडीएफपेक्षा साधा रटाळ संदेश या मुलाच्या शंभर पट उपयोगाचा असतो. (फक्त प्रत्येक ओळीच्या शेवटी जोडलेल्या हातांची चित्रं नकोत. पाच हात टाकले की फोन पाच वेळा त्यांचं वर्णन करतो.) पीडीएफ लागतच असेल, तर वर्डमधून 'प्रिंट' न करता 'सेव्ह ॲज' करा. तिथल्या ऑप्शन्समध्ये 'डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्स फॉर ॲक्सेसिबिलिटी'वर खूण हवी. आणि 'बिटमॅप टेक्स्ट'ने सुरू होणाऱ्या पर्यायावर खूण असेल तर काढून टाका, कारण फॉन्ट फाइलमध्ये बसवता आला नाही, की तो पर्याय अक्षरांचा फोटो करून मोकळा होतो.

जुन्या फॉन्टातला मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये येतो. इथे नेहमी होणारी फसगत म्हणजे मिश्र मजकूर. नोट्समध्ये मराठीच्या मधोमध इंग्रजी संज्ञा, सूत्रं, आकडे असतात. कन्व्हर्टरला त्या रोमन अक्षरांतला आणि मराठीच्या पोटात दडलेल्या रोमन अक्षरांतला फरक कळत नाही, तो सगळ्यांचं देवनागरी करून टाकतो आणि सूत्राची विल्हेवाट लागते. तेव्हा आधी वर्डच्या शोध-खिडकीत फॉन्टच्या नावाने शोध घ्या, फक्त जुन्या फॉन्टातला भाग वेगळा काढा, तेवढाच बदला आणि परत आणून बसवा. काम किचकट आहे. पण एका विषयाच्या नोट्स एकदा झाल्या की पुढची काही वर्षं पुरतात.

छापील पान असेल तर ते स्कॅन करून ओसीआर करावं लागतं, म्हणजे फोटोतली अक्षरं यंत्राकडून ओळखून घेऊन त्यांचा मजकूर करावा लागतो. गूगल ड्राइव्हवर फाइल चढवायची आणि 'ओपन विथ'मधून गूगल डॉक्समध्ये उघडायची, ही सगळ्यांना जमणारी वाट. फाइल २ एमबीच्या आत हवी आणि अक्षराची उंची निदान १० पिक्सेल. स्कॅनिंग ३०० डीपीआयला, पान सरळ, पुस्तकाच्या शिवणीकडची सावली नको. दोन रकान्यांचं पान असेल तर रकाने आधी वेगळे कापून घ्या, नाहीतर डाव्या रकान्याची पहिली ओळ आणि उजव्या रकान्याची पहिली ओळ यांचं एक चमत्कारिक वाक्य तयार होतं. टेसरॅक्ट हे मोफत साधनही चालतं, त्यात मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत.

ओसीआर झालं म्हणजे काम झालं असं मात्र नाही, खरं तर तिथे ते सुरू होतं. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व ही यंत्राची फसण्याची ठिकाणं. भाषेच्या धड्यात चूक झाली तर मूल संदर्भावरून ओळखतं. गणितात 'घन' ऐवजी 'धन' आलं तर कसं ओळखणार? दोन्ही शब्द गणितातलेच, वाक्यही नीट लागतं आणि उत्तर चुकतं. तशीच 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांची गत. शाळेत शिकवताना हसू येतं, पण हा चंद्रकोरी र ओसीआरमध्ये सर्रास रफार होऊन बाहेर पडतो. टाइप करतानाही तो दोन-तीन रीतींनी साठवता येतो, त्यामुळे एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधला तर सापडत नाही. एक शाळा, एक कळफलक, असं ठरवून टाकलेलं बरं. तपासताना एकाने मूळ पान मोठ्याने वाचावं आणि दुसऱ्याने पडद्यावरचा मजकूर बघावा. एकट्याने तपासलं तर डोळे आपल्याला हवं तेच वाचतात.

आता कन्नडकडे. इथल्या मुलाच्या एकाच फाइलमध्ये मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषा सहज येतात. कन्नड आणि इंग्रजी लिपीवरून ओळखू येतात, पंचाईत मराठीची होते. देवनागरी दिसली की बरीच यंत्रं ती हिंदी धरून चालतात. मग शब्दाच्या शेवटच्या जोडाक्षरातला अ गिळला जातो, 'चमचा'तला च हिंदी वळणाने येतो, ळ चाचपडत येतो. उपाय साधा आहे. वर्डमध्ये मजकूर निवडून 'रिव्ह्यू'मधल्या 'लँग्वेज'खाली 'सेट प्रूफिंग लँग्वेज' उघडायचं, मराठीला मराठी आणि कन्नडला कन्नड अशी खूण लावायची. वेबपानावर हेच काम लँग नावाच्या खुणेने होतं: मराठीसाठी एमआर, कन्नडसाठी केएन. ही खूण डोळ्यांना कुठेच दिसत नाही, म्हणून ती कुणी लावत नाही. एनव्हीडीए हा संगणकावरचा मोफत स्क्रीन रीडर, त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक आवाजात मराठीही आहे आणि कन्नडही. खूण असेल तर तो वाक्याच्या मध्यावर भाषा बदलतो. आवाज यांत्रिक आहे, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला नकोसा होतो. पण सरावलेली मुलं तो इतक्या वेगाने लावतात, की शेजारी बसलेल्याला एक शब्द कळत नाही.

इथली आणखी एक खास सवय म्हणजे मराठी मुलांना सोपं जावं म्हणून कन्नड कविता देवनागरीत लिहून देणं. डोळस मुलाला तेवढ्यापुरती मदत होते, पण अंध मुलाचं त्यात नुकसानच. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन ए आहेत, दोन ओ आहेत, आणि त्यांनी अर्थ बदलतो. मराठी देवनागरीत दोन्हींना एकच खूण. (ऱ्हस्व ए-ओसाठी युनिकोडच्या देवनागरीत वेगळी अक्षरं ठेवलेली आहेत, पण ती टाइप करणारा माणूस शोधून सापडायचा नाही.) यंत्र ती कविता मराठी समजून वाचतं आणि मूल कन्नडचा उच्चार चुकीचा शिकतं. कन्नड मजकूर कन्नड लिपीतच राहू द्या. ऐकणाऱ्याला लिपी कठीण जात नाही.

बोटांनी वाचणाऱ्यालाही नाही. १९५१ मध्ये मान्य झालेल्या भारती ब्रेलमध्ये भारतीय भाषांतल्या सारख्या ध्वनींना सारखेच ठिपके आहेत. मराठी क आणि कन्नड क दोन्ही ठिपके १ आणि ३. ळ दोन्हीकडे ४, ५, ६. दीर्घ ए म्हणजे १ आणि ५, तोच मराठीचा ए. कन्नडच्या ऱ्हस्व ए-साठी २ आणि ६. म्हणजे मराठी ब्रेल शिकलेल्या मुलाने चार-दोन अक्षरं वाढवली की कन्नड ब्रेल त्याच्या बोटांखाली येतं. दुकानांच्या पाट्यांवरून इथे काय काय होतं ते सर्वांना माहीत आहे, ठिपक्यांना त्याचा पत्ता नाही. युनिकोड फाइल नीट असेल तर तिचं ब्रेल सॉफ्टवेअरने होतं. छापील एका पानाची ब्रेलमध्ये दोन-तीन पानं होतात, म्हणून सगळं कागदावर काढण्यापेक्षा २० अक्षरांची ओळ दाखवणारं ऑर्बिट रीडरसारखं यंत्र आणि त्यात घालायचं मेमरी कार्ड हे जास्त व्यवहार्य. पण ब्रेल सोडून फक्त ऐकण्यावर मुलाला ठेवू नये. शुद्धलेखन कानाने शिकता येत नाही.

फाइलची मांडणी हा तुलनेने सोपा भाग. शीर्षक ठळक आणि मोठं केलं म्हणजे शीर्षक झालं, असं यंत्राला वाटत नाही. वर्डच्या स्टाइल्समधून 'हेडिंग १', 'हेडिंग २' द्यावं लागतं. मग एनव्हीडीएच्या वाचन-पद्धतीत एच ही कळ दाबून मूल एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उड्या मारत जातं. नाहीतर 'स्वाध्याय' गाठायला सगळा धडा ऐकत बसावं लागतं.

खरी गंमत प्रश्नपत्रिकेत आहे. 'जोड्या लावा' नेहमी दोन रकान्यांत असतं. स्क्रीन रीडर आडवा वाचतो, त्यामुळे 'अ' गटातल्या पहिल्या शब्दाला लागूनच 'ब' गटातला भलताच शब्द ऐकू येतो, आणि ऐकणाऱ्याला ती जोडी तयार दिल्यासारखी वाटते. आधी 'अ' गटातले सगळे शब्द क्रमांकाने, मग 'ब' गटातले सगळे अक्षराने, आणि उत्तर '३–क' असं लिहायचं. 'रिकाम्या जागा भरा'मधली आडवी रेघ: काही यंत्रं दहा वेळा 'अंडरस्कोअर' म्हणतात, काही ती गाळून वाक्य सलग वाचून टाकतात. कंसात 'रिकामी जागा' असे दोन शब्द लिहिले की प्रश्न मिटला. 'अधोरेखित शब्दाची जात ओळखा': अधोरेखा सहसा वाचली जात नाही, तेव्हा तो शब्द वाक्यानंतर कंसात पुन्हा द्या. 'खालील आकृतीचं निरीक्षण करा' असेल तर आकृतीचं वर्णन हवं, किंवा त्याच गुणांचा पर्यायी प्रश्न.

वर्णन लिहिणं ही मात्र कला आहे आणि ती नियमांनी येत नाही. नकाशाखाली 'कर्नाटकाचा नकाशा' असं लिहिणं म्हणजे काही न लिहिणं. उलट, सगळ्या जिल्ह्यांची नावं, सगळ्या सीमा, रंगसुद्धा लिहून काढले तर ऐकता ऐकता मूल कंटाळतं. आधी ठरवायचं, की या पानावर हा नकाशा कशासाठी आहे. धडा नद्यांचा असेल तर असं: 'कर्नाटकाच्या वायव्य टोकाला बेळगाव जिल्हा. त्याच्या पश्चिमेला सह्याद्री. खानापूर तालुक्यात कणकुंबीजवळ मलप्रभा उगम पावते, पूर्वेकडे वाहत जाते आणि कूडलसंगम इथे कृष्णेला मिळते. तिच्या उत्तरेला घटप्रभा, तिच्यावर गोकाकचा धबधबा. तीही पूर्वेकडे जाऊन कृष्णेलाच मिळते.' पाच-सहा वाक्यं, दिशा एकाच क्रमाने, उगमाकडून संगमाकडे. 'लाल रेषेने दाखवलेली नदी' हा उल्लेख बाद. वर्डमध्ये चित्रावर उजवी कळ दाबून 'ऑल्ट टेक्स्ट'मध्ये हे लिहायचं. व्हॉट्सॲपवर तशी सोय नाही, तिथे चित्राखालच्या ओळीत लिहा. शोभेच्या चित्राला वर्णन नको, ते सजावटीचं आहे अशी खूण करून सोडून द्या. आणि कणकुंबीचं मूल असेल तर कागदावर सुतळी चिकटवून नदी काढून द्या. त्याला आवाजापेक्षा ते लवकर कळेल.

गणिताची समीकरणं फोटो म्हणून चिकटवली तर ती मुकीच. साधी टाइप केली तर एक्सच्या वर्गातला वर चढलेला दोन खाली येतो आणि ऐकू येतं 'एक्स दोन'. वर्डमध्ये ऑल्ट आणि बरोबरची कळ एकत्र दाबली की समीकरणाची चौकट उघडते, त्यात लिहिलेलं गणित संगणकावर एनव्हीडीए मॅथकॅट या मोफत जोडणीच्या मदतीने नीट वाचतो. फोनवर भरवसा नाही, म्हणून खाली शब्दांत एक ओळ द्यावी. ती लिहिताना भागाकार कुठे सुरू होतो ते सांगायला विसरू नये. 'ए अधिक बी भागिले सी' याचे दोन अर्थ निघतात. 'ए अधिक बी, या सगळ्याला भागिले सी' याचा एकच.

अंधुक दिसणाऱ्या मुलांचा विचार सगळ्यात कमी होतो, कारण ती निभावून नेतात. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातल्या फरकाला आंतरराष्ट्रीय निकष आहे, साध्या आकाराच्या अक्षरासाठी निदान ४.५ : १. पांढऱ्यावर पिवळं १.०७ : १ भरतं, म्हणजे नसल्यातच जमा. पण पांढऱ्यावर भडक लाल, जो 'महत्त्वाचं' म्हणून सगळे वापरतात, तोही ४ : १ च्या आसपासच राहतो. गडद किरमिजी घ्या. ओळींमधलं अंतर दीडपट, कारण देवनागरीत वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांना भिडतात. आता इंग्रजी पुस्तकांतून उचललेला एक सल्ला, जो इथे घात करतो. वाचनाची अडचण असलेल्या मुलांसाठी अक्षरांमधलं अंतर वाढवा, असं सांगतात. रोमन लिपीत ते ठीक. देवनागरीत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते, शब्दाचे तुकडे होतात आणि मूल आणखी गोंधळतं. आपल्याकडे अक्षरांमधलं नाही, शब्दांमधलं अंतर वाढवायचं, मजकूर डावीकडे सरळ आणि उजवीकडे मोकळा ठेवायचा. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्तासारखा साधा फॉन्ट, १४ पॉइंट. तिरपी अक्षरं नकोत.

व्हिडिओत बोलणाऱ्याची जीभ घसरते. "हे बघा, हितनं असं तिकडं गेलं की हे इकडं येतं." फळ्यावर बोट फिरतंय, डोळे असलेल्याला सगळं स्पष्ट, ऐकणाऱ्याला शून्य. बोटाच्या जागी नाम घाला: 'महाधमनीतून रक्त शरीराकडे जातं.' मग निराळ्या ध्वनिवर्णनाची गरजही फारशी उरत नाही.

कर्णबधिर मुलांसाठी व्हिडिओला मथळे, म्हणजे बोललेलं पडद्यावर लिहून दाखवणाऱ्या ओळी, लागतात, आणि आपोआप उमटणारे मथळे न तपासता सोडणं म्हणजे चुकीचा धडा शिकवणं. मथळ्यांची एसआरटी फाइल नोटपॅडमध्येही लिहिता येते: क्रमांक, सुरू आणि संपण्याची वेळ, खाली मजकूर. इथे दोन चुका हमखास होतात. फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडच्या रीतीने, न साठवता जुन्या पद्धतीने साठवली, तर सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हं होतात. आणि वेळेचे आकडे देवनागरीत टाइप केले, तर प्लेअरला ती वेळच कळत नाही. ते इंग्रजी आकड्यांतच हवेत. एका वेळी दोनच ओळी, प्रत्येकी पस्तीसेक अक्षरं. पण मथळे दिले म्हणजे संपलं असंही नाही. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलाला लिहिलेली मराठी ही परकी भाषाच असू शकते, त्याची भाषा खुणांची. भारतीय सांकेतिक भाषेच्या राष्ट्रीय केंद्राने २०२१ मध्ये शब्दकोश १०,००० शब्दांवर नेला, आणि एनसीईआरटीची पुस्तकं या भाषेत आणण्याचा करार त्याआधी २०२० मध्ये झाला. ही भाषा मराठीही नाही आणि कन्नडही नाही, त्यामुळे यातलं जे धड्याला जुळतं ते इथे जसंच्या तसं वापरता येतं. खुणा करणाऱ्याची चौकट कोपऱ्यात टिकलीएवढी ठेवू नका. फोनवर बोटं आणि चेहरा दोन्ही दिसायला हवेत, कारण या भाषेचं अर्धं व्याकरण चेहऱ्यावर असतं.

ऑनलाइन चाचणीत घड्याळ ही अडचण आहे. दिव्यांग परीक्षार्थींसाठी केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला निदान २० मिनिटं जादा दिली होती. हाच हिशेब शाळेच्या चाचणीला लावा, ६० मिनिटांची असेल तर ८०. वेळ संपताच आपोआप बंद होणारा फॉर्म या मुलांना देऊच नये. बोटांवर ताबा नसलेल्या मुलाला ओढून जागेवर ठेवायचे प्रश्न जमत नाहीत, त्याला पर्यायांतून निवडू द्या. लांब उत्तराला फोनच्या कळफलकावरचं मराठी बोलून-टायपिंग चालतं.

हे सगळं पोचायचं कसं? पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात वीज जाते, तिच्यामागून नेटवर्क जातं. टॉकबॅकला लागणारे मराठी आणि कन्नड आवाज म्हणूनच आधी, शाळेत किंवा तालुक्याला वायफाय असेल तिथे, फोनमध्ये उतरवून ठेवायचे: सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत 'टेक्स्ट टू स्पीच' आणि तिथे भाषांचा आवाज. मग ते नेटशिवाय चालतात. नुसत्या मजकुराचा पाठ काही केबींचा, तोच स्कॅन केला तर कित्येक एमबींचा. माणसाच्या आवाजात वाचून द्यायचं असेल तर मोनो, ३२ केबीपीएसला दहा मिनिटांचे जेमतेम अडीच एमबी होतात. पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर, आणि सुरुवातीला इयत्ता, विषय, पाठ आणि पान क्रमांक सांगायचा. वर्गात 'पान एकतीस काढा' म्हटलं की या मुलालाही ते काढता आलं पाहिजे. आठ-दहा मिनिटांहून मोठा तुकडा करू नये.

पाठवण्याआधी फाइल स्वतः ऐका. एनव्हीडीएमध्ये पडदा काळा करण्याची सोय आहे, एनव्हीडीएची कळ, कंट्रोल आणि एस्केप. दोन मिनिटं अंधारात राहून स्वाध्याय क्रमांक चार शोधून दाखवायचा. समावेशक शिक्षणाचे शिक्षक तालुक्याला मोजकेच, प्रत्येक फाइल त्यांच्याकडे पाठवणं शक्य नाही. पण वर्गातल्या त्या मुलाला विचारणं नेहमीच शक्य आहे, आणि चुका काढण्यात मुलं भलतीच उत्साही असतात.

पुस्तक असं बदलून घेणं बेकायदा तर नाही ना, ही शंका हमखास निघते. नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात दिव्यांगांसाठी वाचनीय प्रत करायची आणि त्यांना देण्याची मुभा दिली आहे, शिक्षणासाठी तर स्पष्टच. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा त्यापुढे जाऊन अशी साधनं देण्याची जबाबदारीच टाकतो. त्याच वर्षी सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात छापील वाचता न येणाऱ्यांना नाव नोंदवून तयार पुस्तकं मिळतात, शाळेने मुलाचं नाव तिथे घालून द्यावं. आणि खानापूरच्या शाळेने तपासलेला पाठ निपाणीच्या, नंदगडच्या, येळ्ळूरच्या मुलांना चालतो, अभ्यासक्रम एकच आहे. देवाणघेवाण करताना फाइलच्या नावात इयत्ता, विषय, पाठ आणि दुरुस्तीची तारीख असू द्या. 'नवीन', 'नवीन फायनल' आणि 'फायनल २' अशा तीन फाइली आल्या तर डोळस माणूस उघडून एका नजरेत ओळखतो, अंध मुलाला तिन्ही ऐकत बसाव्या लागतात.